अण्णांच्या खोलीतला एसी

दत्ताराम घाडी माणसांशी सरळ मुंबईचं मराठी बोलायचा आणि मशीनशी मालवणी. मशीन हट्टाला पेटलं की मालवणी जरा जास्तच सुटायची. त्या दुपारी मुलुंडला कर्णिकांच्या ब्लॉकमध्ये तो स्टुलावर बसून, खिडकीतल्या एसीच्या पोटात डोकं घालून म्हणत होता, "ऊठ मेल्या, किती निजतलंस?"

दारात उभ्या असलेल्या रुक्मिणीकाकूंना हसू आलं. म्हणाल्या, "अरे, शिव्या देऊन चालू होणार असेल तर मीही देते चार."

"शिव्या नाहीत हो काकू, लाडानं बोलतोय," दत्ताराम म्हणाला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मे महिन्याचं ऊन, तिसरा मजला, वर सरळ गच्ची. खोलीत नुसतं बसलं तरी घामाच्या धारा लागत होत्या.

हा एसी त्यानेच बसवला होता. दत्ताराम आधी मिलमध्ये होता. सूत तुटू नये म्हणून मिलमध्ये हवा ओली आणि गार ठेवायची मोठी प्लँट असतात, तिथे त्याची उमेदवारी गेली. संप झाला, मिलचं दार बंद झालं ते झालंच. मग पठ्ठ्याने मुलुंड स्टेशनजवळ एक गाळा घेतला आणि फ्रिज, एसी दुरुस्त करायला लागला. गावाला त्याचा बाप देवळात लोकांसाठी गाऱ्हाणी घालायचा, देवाचं, भुताखेतांचं बघणारे घाडीच ते. दत्ताराम सगळ्यांना सांगायचा, बाप गाऱ्हाणी घालायचा, मी गॅस घालतो. असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

"गुरुवारच्या आत होईल ना रे?" रुक्मिणीकाकूंनी विचारलं. सकाळपासून त्या हेच विचारत होत्या. "गुरुवारी चंदू येतोय."

चंदू म्हणजे त्यांचा थोरला, चंद्रप्रकाश. अमेरिकेत असायचा. अण्णांना, म्हणजे काकूंच्या यजमानांना, दम्याचा त्रास होता, तेव्हा त्यानेच पैसे पाठवून हा एसी घ्यायला लावला होता. अण्णा गेल्या वर्षी याच दिवसांत गेले. त्यानंतर एसीला कोणी हात लावला नव्हता. आता लावला, तर हा असा बसलेला.

"तो अंधेरीला हॉटेलात उतरणार म्हणत होता," काकू म्हणाल्या. "कंपनीच देते म्हणे. मी फोनवर म्हटलं, अरे, अण्णांच्या खोलीत एसी आहे, तू घरीच ये. गरम झालं तर तो एक रात्रसुद्धा राहायचा नाही दत्ताराम, मी ओळखते त्याला. मला त्याला माझ्या घरात झोपलेला बघायचाय रे. मग डोळे मिटले तरी चालतील."

"काय काकू, भलतंच! संध्याकाळपर्यंत तुम्हीच ओरडाल, दत्ताराम बंद कर, कुडकुडायला होतंय."

त्याने बटण फिरवलं. पंखा घरघरत फिरू लागला, तोंडावर गरम हवा आली. पण कॉम्प्रेसर काही उठेना, आणि कॉम्प्रेसर उठल्याशिवाय गारवा कुठला? त्याने फ्यूज पाहिला, ठीक. करंट येत होता. कपॅसिटर बदलून पाहिला, वायरी ओढून पाहिल्या. सगळं ठणठणीत. शेवटी दोन हमाल बोलावून मशीन हातगाडीवर गाळ्यात नेलं आणि पिन लावली. एका झटक्यात चालू! गाळ्यात पाच मिनिटांत असा गारवा झाला की शेजारचा पानवाला येऊन समोर बसला.

दुसऱ्या दिवशी मशीन परत कर्णिकांच्या खिडकीत चढवलं. बटण फिरवलं. पंखा फिरला. कॉम्प्रेसर ढिम्म.

"आयला!" दत्ताराम म्हणाला. मालवणीसुद्धा सुचली नाही त्याला.

आता राहिला थर्मोस्टॅट. खोली किती गरम आहे ते बघून कॉम्प्रेसरला हुकूम देणारा. त्याची बारीक तांब्याची नळी जाळीच्या मागे, खोलीच्या हवेत बसवलेली असते. हवा गरम, की आत टक् असा आवाज होतो आणि कॉम्प्रेसर लागतो. हवा गार झाली की परत टक्, कॉम्प्रेसर बंद. दत्तारामने नवा कोरा थर्मोस्टॅट आणून बसवला. तरी तेच. मग त्याने जुनी युक्ती केली. नळीचं टोक मुठीत धरलं. माणसाच्या हाताला ऊब असतेच, तेवढी पुरते.

टक्. कॉम्प्रेसर उठला. आख्खी खिडकी थरथरली.

"झकास!" दारातून उत्तरा म्हणाली. उत्तरा म्हणजे धाकट्या नंदकुमारची बायको. चहाचा कप घेऊन आली होती बिचारी.

दत्तारामने मूठ सोडली नाही. हसत तिच्याकडे बघत होता. आणि मग त्याची बोटं बधिर व्हायला लागली. आधी करंगळी, मग बाजूची. बर्फात हात घातल्यावर जसं नखांच्या मुळाशी दुखतं तसं दुखायला लागलं. कोणीतरी त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली असावी, असं त्याला वाटलं. त्याने खाली पाहिलं. त्याचाच हात होता, दुसरं काही नव्हतं.

टक्. नळी मुठीत असतानाच कॉम्प्रेसर बंद पडला.

"काय झालं हो?" उत्तराने विचारलं.

दत्तारामने हात शर्टाला पुसला. त्याच्या कपाळावर घाम होता, मानेवर घाम होता, आणि हात मनगटापर्यंत गारठलेला. त्याने पिशवीतून थर्मामीटर काढला, भिंतीशी धरला. खोलीत भट्टी होती, तसाच पारा चढला. मग त्याने तो एसीच्या समोर, खिडकीखालच्या लादीपासून हातभर उंच धरला. पारा खाली जायला लागला. तो थांबला तेव्हा दत्तारामने वाचलासुद्धा नाही, थर्मामीटर पिशवीत टाकला आणि पिशवी बंद केली. थर्मोस्टॅट खोटं बोलत नव्हता. त्याच्यापुढे जे होतं ते गारच होतं.

चहा त्याने स्वयंपाकघरात जाऊन घेतला. काकू आत देवापाशी होत्या. तो हळूच म्हणाला, "वहिनी, एक विचारू? त्या खिडकीखाली काय होतं?"

उत्तराने ओट्यावरचा हात थांबवला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. म्हणून तर विचारतोय."

"अण्णांना तिथे ठेवलं होतं," ती म्हणाली. "अग्नी थोरल्याने द्यायचा ना. भाऊजी म्हणाले, येतो, थांबा. मग म्हणाले तिकीट मिळत नाही, उद्या निघतो. मग परत उद्या. बाहेर हा उन्हाळा. आम्ही एसी पूर्ण सोडला आणि चारी बाजूंनी बर्फाच्या लाद्या लावल्या. कारखान्यातून भुशात गुंडाळून यायच्या त्या. सगळ्या घरभर भुसा आणि ओडिकोलनचा वास. मला अजून ओडिकोलन सहन होत नाही."

"मग?"

"मग काय! नाहीच आले. शेवटी ह्यांनी अग्नी दिला. दहाव्याला कावळा शिवेना. सगळ्यांनी काय काय कबूल केलं, भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा केला आणि सुटले." तिने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "आई त्यांच्या उशाशी बसून होत्या ना, सारखं एकच बोलत होत्या. अहो, चंदू येतोय. तो आल्याशिवाय जाऊ नका हं. मी सांगितल्याशिवाय जायचं नाही. अण्णा आयुष्यभर त्यांचं ऐकत आले हो. जाऊ दे, मेलं काहीतरीच मनात येतं."

दत्तारामने चहा संपवला. खरं सांगायचं तर त्याची तंतरली होती, पण पुरुषमाणूस, बोलायचं कसं? पिशवी उचलून तो जिन्याकडे वळला तर रुक्मिणीकाकू दारात.

"झालं?"

"काकू, नवीन मशीन घ्या. ह्याची वाट लागलीय."

"गाळ्यात चालू झालं म्हणालास ना?" म्हातारीला सगळं आठवत होतं. तिने त्याचा हात धरला. "उद्या येतोय रे माझा मुलगा. अण्णांच्या वेळी नाही आला, मी कोणाला एक शब्द बोलले नाही. लोकं बोलली, मी नाही बोलले. आता येतोय तर हॉटेलात जाऊन झोपेल. असं करू नकोस दत्ताराम. काहीतरी कर. तू घाडी ना रे?"

दत्तारामला स्वतःचा राग आला, म्हातारीचाही आला. पण तिचा हात सोडवून घ्यायला जमलं नाही. तो परत खोलीत गेला. थर्मोस्टॅट काढून टाकला आणि दोन वायरी सरळ एकमेकींना जोडल्या. डायरेक्ट. आता विचारणारा कोणी मधे राहिलाच नाही, कॉम्प्रेसर उठणारच. हे काम तो कधी करत नसे, कारण असं मशीन थांबत नाही.

मशीन चालू झालं. काकूंनी टाळ्या वाजवल्या.

थोड्याच वेळात वारा कमी झाला. दत्तारामने पुढची जाळी काढली. आतल्या कॉइलवर बर्फ जमला होता. बर्फ जमतो कधीकधी, पातळ, पांढरा, भुरभुरीत. हा तसा नव्हता. हा निळसर, घट्ट, कोपऱ्यांना सरळ कापलेला. लादीच होती ती. वास आला, ओल्या गोणपाटाचा, आणि त्यात काहीतरी गोड, दवाखान्यासारखं. उत्तरा दारात आली आणि पदर नाकाला लावून तशीच मागे फिरली.

दत्तारामने वायरी ओढून काढल्या. बर्फ वितळून टप टप खाली पडू लागला. त्याने बोट पुढे करून एक थेंब घेतला.

थेंबात लाकडाचा भुसा होता.

काकूंना त्याने काही सांगितलं नाही. थर्मोस्टॅट परत जागेवर लावला, मुकाट्याने सगळे स्क्रू पिळले आणि म्हणाला, "काकू, मी उद्या सकाळी मशीन काढून नेतो. साहेबांना हॉटेलातच जाऊ दे."

म्हातारी पलंगावर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. आवाज न करता. दत्ताराम तसाच जिना उतरला.

गुरुवारी सकाळी तो हमाल घेऊन आला तेव्हा चंद्रप्रकाश पोचलेला होता. गोरा, भरलेल्या अंगाचा, टक्कल पडत आलेला. शर्टाची वरची बटणं उघडून अण्णांच्या खोलीत उभा होता आणि रुमालाने मान पुसत होता. पायाशी बॅग, न उघडलेली. काकू त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या.

"आई, समजून घे ना," तो म्हणत होता. "मला खरंच नाही सहन होत गं आता. मी रोज येईन जेवायला. प्रॉमिस. नंदू, टॅक्सी सांगितलीस ना?"

"सांगितली," नंदकुमार म्हणाला. त्याच्या तोंडावरून कळत होतं की त्याला ह्यात काही नवीन वाटत नव्हतं.

"अण्णांना नमस्कार तरी कर," काकू म्हणाल्या.

चंद्रप्रकाश भिंतीकडे वळला. तिथे फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. त्याने हात जोडले. आणि मग त्याचा आवाज भरून आला. खोटं नव्हतं ते. दत्तारामने खूप खोटी माणसं पाहिली होती, हा त्यातला नव्हता.

"अण्णा, चुकलंच माझं. तुम्हाला केवढी हौस होती अमेरिका बघायची. मी दरवर्षी म्हणायचो, पुढच्या उन्हाळ्यात. राहूनच गेलं." त्याने डोळे पुसले. घरातून निघताना आपण पाहुण्याला म्हणतो ना, अगदी तसं, सवयीने, तो म्हणाला, "चला आता. चला अण्णा माझ्याबरोबर."

टक्.

कॉम्प्रेसर उठला. खिडकीची तावदानं वाजली. एसीला कोणी हातही लावला नव्हता. आदल्या दिवशी निघायच्या घाईत दत्तारामकडून बटण बंद करायचंच राहून गेलं होतं, आणि पंखा रात्रभर गरम हवा फिरवत होता.

"अगं बाई!" काकू ओरडल्या. "चंदू, बघ, बघ! चालू झाला! आता नाही हं जायचं तू!"

नंदकुमार हसला, उत्तरा हसली, चंद्रप्रकाशही हसला. टॅक्सी परत पाठवली. काकूंनी स्वतः वाकून बॅग उघडली. दत्ताराम मात्र हळूच खिडकीशी गेला आणि लादीवर उकिडवा बसला. हात पुढे केला. हवा गरम होती. बाकी सगळ्या खोलीत होती तशीच, मे महिन्याची.

दत्ताराम निघाला तेव्हा चंद्रप्रकाशने त्याच्याशी हात मिळवला. "थँक्यू हं. आईला तुम्ही फार मोठा आनंद दिलात."

दत्तारामने हात झटकन मागे घेतला.

"काय झालं?"

"काही नाही साहेब. तुमचे हात गार पडलेत."

"हो ना," चंद्रप्रकाश म्हणाला आणि शर्टाची बटणं लावायला लागला. "एकदम मस्त गार झालं नाही?"

खोली अजून गार व्हायची होती. बाकीचे सगळे घामाने निथळत होते.

चंद्रप्रकाश आठवडाभर राहिला आणि गेला. एसी त्यानंतर एकदाही अडला नाही.

पुढच्या वर्षी ऊन चढायला लागलं तशी दत्ताराम सर्व्हिसिंगला गेला. न जाण्याचं त्याने बरेच दिवस ठरवलं होतं. रुक्मिणीकाकूंनी दार उघडलं तेव्हा त्यांना ओळखायला त्याला वेळ लागला. अर्ध्या झाल्या होत्या. नंदकुमार ऑफिसात होता, उत्तरा स्वयंपाकघरात. खोलीत एसी मजेत चालला होता. दत्तारामने जाळी काढली, धुतली, पुसली. काकू पलंगावर बसून त्याच्या हाताकडे बघत होत्या.

"दत्ताराम, एक विचारते. हीटरमध्ये पण थर्मोस्टॅट असतो का रे?"

"असतो ना. उलटा चालतो. गार वाटलं की हीटर लागतो, गरम झालं की बंद."

"चंदूच्या घरचा बंदच होत नाही," काकू म्हणाल्या. "हिवाळा संपला तरी चालूच. सूनबाई फोनवर रडत होती. पोरं घामाने भिजतात, आणि चंदू तीन-तीन पांघरुणं घेऊन कुडकुडतो. तिथल्या माणसाने सगळं बदलून दिलं, तरी तेच. डॉक्टर झाले, औषधं झाली. वजन उतरलंय म्हणे. कामावर जात नाही." त्या थांबल्या. "म्हणाली, आई, रोज सकाळी मी ह्यांच्या पलंगाखालून भुसा झाडते. लाकडाचा भुसा कुठून येतो ते कळत नाही."

दत्तारामच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो उचलायला तो वाकला नाही.

"तू सांग, काय बदलायचं असतं अशा वेळी?"

"काकू, मला नाही माहीत."

"तुझा बाप घालायचा ना गाऱ्हाणी? काय म्हणायचा?"

"ते देवाला असायचं काकू. माणसाला नव्हे."

म्हातारीने मान हलवली. ती अण्णांच्या फोटोकडे वळली. मग तिने डोळे पुसले, पदर सारखा केला. नवऱ्याला बाजारातून परत बोलवावं, तशा आवाजात म्हणाली, "अहो, पुरे आता. त्याला सोडा. घरी या."

पंखा फिरत होता. कॉम्प्रेसर चालू होता. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

"मी आहे ना," काकू म्हणाल्या. "माझ्याजवळ या."

टक्.

कॉम्प्रेसर बंद झाला. पंख्यातून गरम हवा यायला लागली.

दत्ताराम भिंतीला चिकटून उभा होता. रुक्मिणीकाकू पलंगावर जराशा सरकल्या आणि बाजूला एका माणसापुरती जागा करून दिली. त्यांच्या दंडावर काटा उभा राहिलेला त्याला तेवढ्या लांबून दिसला.

"उत्तरा," त्यांनी आत हाक मारली, "गोधडी आण गं. दोन आण."